पडद्यावर चढणारा पट्टा

पाबळला मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकान रस्त्याला, मागे घर, आणि तिथून सव्वाशे मीटरवर कांद्याची बराख. बारा वर्षांपूर्वी त्यांनी चार कॅमेरे बसवले होते: तीन दुकानात, एक बराखीच्या लोखंडी अँगलवर. मागच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा ते सगळे काढून टाकायच्या बेतात होते. "आता आयपी बसवायचे," म्हणाले. निमित्त बराखीच्या चित्राचं. रात्री-बेरात्री त्यावर चार बोटं रुंदीचा एक फिकट पट्टा उमटायचा आणि टाकीत पाणी चढावं तसा सावकाश खालून वर जायचा. वर पोचला की पुन्हा खालून सुरू. कॅमेरा कामातून गेला, असं मामांचं मत.

ॲनालॉग आणि आयपी यांत फरक काय, असं दुकानात विचारलं की उत्तर मेगापिक्सेलमध्ये मिळतं. माझ्या मते फरक दुसराच आहे: तारेवरून काय धावतं? ॲनालॉग कॅमेऱ्यातून निघतो तो व्होल्टेजचा चढउतार. उजेड जास्त तिथे व्होल्टेज जास्त, अंधार तिथे कमी. हा चढउतार कोॲक्सियल केबलमधून डीव्हीआरपर्यंत, म्हणजे चित्र साठवणाऱ्या डब्यापर्यंत, येतो आणि तिथे त्याचे आकडे होतात. आयपी कॅमेरा हे काम स्वतःच्या पोटात उरकतो. त्याच्या तारेवरून, कॉम्प्युटरच्या नेटवर्कला वापरतात त्याच केबलमधून, आकड्यांच्या पुड्या धावतात. पलीकडचा एनव्हीआर त्या उतरवून घेतो आणि जपून ठेवतो.

आकड्यात थोडी भेसळ झाली तर ती ओळखता येते, पुडी पुन्हा मागवता येते. चढउतारात मिसळलेलं मात्र काही वेगळं काढता येत नाही. मामांचा पट्टा हीच भेसळ होती.

ती शोधली मामांच्या ओळखीच्या एका वायरमनने. पोरगा पाबळच्याच विज्ञान आश्रमात शिकलेला. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेली ही संस्था. हाताने करत शिकायचं, हीच तिथली रीत. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे वस्तू घडवायच्या कार्यशाळांपैकी, एक २००२ मध्ये इथेच उभी राहिली. पोराने कॅमेऱ्याला हातही लावला नाही. शिडी लावून अँगलवर चढला आणि केबलचा जोड पाहिला. बीएनसी कनेक्टरवरची चिकटपट्टी उन्हाने फुटली होती आणि त्याचं धातूचं अंग थेट लोखंडाला टेकलं होतं. म्हणजे केबलची बाहेरची जाळी एका टोकाला बराखीच्या लोखंडातून जमिनीला आणि दुसऱ्या टोकाला डीव्हीआरमधून दुकानाच्या अर्थिंगला. जमीन सगळीकडे सारखी असते असं आपण धरून चालतो, पण विजेच्या लेखी तसं नसतं. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की थोडी वीज मातीत झिरपते, दोन ठिकाणच्या जमिनींत व्होल्टेजचा फरक पडतो आणि त्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. तो चित्रात मिसळतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

पण पट्टा वर का चढतो? जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्याचं चित्र ‘पाल’ पद्धतीचं: ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला बरोबर ५० हप्ते, कॅमेऱ्यातल्या क्वार्ट्झ स्फटिकाने मोजलेले. ग्रिडची वीज मात्र बरोबर ५० नसते. भार वाढला-घटला की ती ४९.९ ते ५०.०५ च्या आसपास हलत राहते. फरक शून्य असता तर पट्टा जागचा हलला नसता. फरक ०.०५ चा असेल तर पट्ट्याला पडदा ओलांडायला २० सेकंद लागतात. मामांच्या टीव्हीवर अख्ख्या देशाच्या ग्रिडची नाडी दिसत होती म्हणायची.

(हे ‘पाल’ प्रकरण गमतीचं आहे. वॉल्टर ब्रुख या जर्मन अभियंत्याने १९४२ मध्ये पेनेम्युंडेला व्ही-२ रॉकेटची उड्डाणं सुरक्षित अंतरावरून पाहता यावीत म्हणून बंदिस्त दूरचित्रवाणी बसवली. सीसीटीव्हीची सुरुवात तिथून धरतात. पुढे टेलिफुंकेनमध्ये पाल ही रंगीत पद्धतही त्यांनीच काढली. १९८२ च्या एशियाडला आपलं दूरदर्शन रंगीत झालं ते पालवरच.)

दोन हप्त्यांचा आणखी एक भुर्दंड आहे. ताशी ४० किलोमीटरने आडवी जाणारी मोटारसायकल एका हप्त्यापासून दुसऱ्यापर्यंत, म्हणजे १/५० सेकंदात, २२ सेंटीमीटर पुढे सरकते. चित्र थांबवून नंबर वाचायला जावं तर फणीच्या दातांसारख्या कातरलेल्या रेघा दिसतात. त्यात जुन्या डीव्हीआरचं चित्र ७०४ बाय ५७६, म्हणजे चार लाख ठिपक्यांचं. आजच्या साध्या दोन मेगापिक्सेलमध्ये वीस लाखांहून अधिक असतात.

विजेचा हिशोब याहून रोकडा. बराखीच्या कॅमेऱ्याला आधी दुकानातूनच १२ व्होल्ट दिले होते, चित्राची आणि विजेची तार एकत्र असलेल्या ‘थ्री प्लस वन’ केबलमधून. दिवसा ठीक चालायचा. अंधार पडला की बंद-चालू, बंद-चालू. भूतबाधा वगैरे नाही, ओहमचा नियम. एवढ्या लांब बारीक तारेचा जाऊन-येऊन रोध २० ओहम धरा. दिवसा कॅमेरा ०.१५ अँपियर घेतो, ३ व्होल्ट वाटेत जातात, ९ उरतात. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की मागणी ०.३५ वर जाते, ७ व्होल्ट वाटेतच संपतात, कॅमेरा मरतो. मेला की दिवे विझतात, व्होल्टेज परत येतं, कॅमेरा उठतो, दिवे लावतो आणि पुन्हा मरतो. शेवटी बराखीतच १२ व्होल्ट देणारा वेगळा एसएमपीएस बसवावा लागला.

आयपी कॅमेऱ्याला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच जाते, तीही ४८ व्होल्टच्या आसपास. व्होल्टेज चौपट म्हणजे तेवढ्याच कामाला प्रवाह पाव आणि तारेतली गळती सोळावा हिस्सा. महावितरण गावापर्यंत ११ हजार व्होल्टने वीज आणतं ते याच कारणासाठी. शिवाय नेटवर्कच्या प्रत्येक पोर्टमध्ये वाटाण्याएवढा ट्रान्सफॉर्मर असतो. आकडे त्यातून चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातात, तांबं तांब्याला जोडलेलंच नसतं. त्यामुळे तिथे असा पट्टा चढत नाही.

मग आयपी का नको? नको कशाला, दुकानात हवाच. पण त्या केबलची हद्द १०० मीटर, आणि मामांची बराख सव्वाशेवर. मध्ये स्विच बसवायचा तर त्याला वीज, छत आणि उंदरांपासून बचाव, सगळंच आलं. उलट जुन्याच कोॲक्सियल केबलवरून नव्या पिढीचं एचडी ॲनालॉग तीनशे मीटरपर्यंत चांगलं जातं. बिघाडाची तऱ्हाही वेगळी: ॲनालॉगचा एक कॅमेरा खराब झाला तर त्याच्यापुरत्या मुंग्या दिसतात, पण विजेच्या कडकडाटात नेटवर्कचा स्विच गेला की त्याच्यावरचे सगळेच डोळे एकदम मिटतात. दूरच्या विहिरींवर तर लोक दोन्ही सोडून सोलरवरचे सिमकार्डवाले कॅमेरे लावू लागलेत.

आयपी म्हणजे इंटरनेट हवंच, हा मात्र गैरसमज. दुकानातल्या दुकानात ते बिनइंटरनेटचे चालतात. उलट डीव्हीआरही मोबाइलवर पाहण्यासाठी इंटरनेटला जोडलेला असतोच. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले डीव्हीआर आणि कॅमेरे दोन्ही पकडले आणि त्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइटी बंद पाडल्या. मामांचा पासवर्ड काय होता ते लिहीत नाही. आता बदललाय.

डिस्कचा हिशोब कुठल्याही पद्धतीत तोच. सेकंदाला ४ मेगाबिट धरले तर एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो; चार कॅमेऱ्यांना एक टेराबाइट सहा दिवसही पुरत नाही. नवं एच.२६५ कॉम्प्रेशन हे साधारण निम्म्यावर आणतं.

आणि घड्याळ. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. उमेदवारी अर्ज दुपारी ३ नंतर घेतले का, हा प्रश्न आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. जुलै २०२० च्या निकालाने चित्रीकरणाच्या नकलेला प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं. पण घड्याळच चुकलेलं असेल तर प्रमाणपत्राचा काय उपयोग? मामांचा डीव्हीआर अठ्ठावीस मिनिटं मागे होता. आतला नाण्याएवढा सेल संपला होता.

शेवटी असं ठरलं: दुकानात तीन आयपी, बराखीवर जुन्याच केबलला एचडी ॲनालॉग, आणि दोन्ही घेणारा हायब्रिड डीव्हीआर. बीएनसीचा जोड एका प्लॅस्टिकच्या डबीत घालून लोखंडापासून तोडला. पट्टा गेला.

दिवाळीत फोन केला तर मामा थोडे नाराजच. "चित्र झकास आहे रे. पण रातची लाइट आली, मोटार चालू झाली, की पट्टा चढायचा. अंथरुणातून कळायचं. आता बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागतंय."