आपण होऊन मिटणारी तोटी

गेल्या हिंवाळ्यांत दोन महिने आम्ही भोरहून इंग्लंडांत, लेस्टर येथें पुतण्याच्या घरीं राहावयास गेलों होतों. तेथें आपल्या बंबाच्या जागीं बॉयलर असतो. वायूवर तापलेलें पाणी नळांवाटे प्रत्येक खोलींतील लोखंडी पत्र्याच्या चपट्या पेटींत खेळून परत येतें. ह्या पेटीस रेडिएटर म्हणतात.

वहिनींच्या खोलींतील रेडिएटरची तोटी गळूं लागली होती. वहिनींचें माहेर वेल्ह्याचें. तोरण्याच्या पायथ्याचा गारठा त्यांच्या अंगवळणीं पडलेला. परंतु अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं तिकडील थंडी निराळीच. रात्रीं त्या तोटी पुरी उघडीत, मध्यरात्रीं उकडलें कीं आवळून बंद करीत, पहांटे पुन्हां उघडीत. ह्या नित्याच्या पिळण्यानें दांड्याभोंवतालची बांधणी झिजली. खालीं ठेवलेली वाटी सकाळीं भरून वाहत असे. एके दिवशीं त्या ओलीवर वहिनींचा पाय सरकला. पलंगाचा आधार सांपडला म्हणून निभावलें. तेव्हां कोठें पुतण्यानें मनावर घेतलें.

दांड्यापाशीं गळणारी तोटी पुष्कळदां वरचा नट थोडा आवळल्यानें थांबते. तो उपाय येथें थकला होता. म्हणून उष्णमानाप्रमाणें आपण होऊन मिटणारी तोटी आणविली. बॉयलर बंद करून निवूं दिला, निचऱ्याच्या तोटीस रबरी नळी लावून पाणी सोडलें. शाईसारखें काळें! आंतल्या आंत लोखंड गंजल्याची ती काजळी. आम्ही परात धरून बसलों. एका पान्ह्यानें तोटी धरावी व दुसऱ्यानें नट फिरवावा, नाहींतर नळच पिळवटतो. नव्या तोटीच्या आट्यांस पांढरी फीत गुंडाळून ती बसविली, पाण्यांत गंजरोधक औषध घातलें, पाणी भरलें व रेडिएटरमधील हवा काढली. वाटी रात्रभर कोरडी राहिली.

ह्या तोटीच्या डोक्यांत मेण किंवा द्रव भरलेली डबी असते. खोली तापली कीं तें फुगून खिळी दाबतें व पाण्याची वाट अरुंद होते. गार झाली कीं आकसतें व वाट मोकळी होते. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन ह्यांनीं १९४३ सालीं ही युक्ति काढली. आमच्या भाटघर धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी चढलें कीं उघडतात; ही तोटी ऊब चढली कीं मिटते, इतकाच फरक.

तिसऱ्याच रात्रीं तक्रार आली. “भाऊजी, तुमच्या ह्या शहाण्या तोटीनें मला गारठवून ठेवलें आहे!” आंकडा ५ वर, आणि रेडिएटर मात्र थंड. पुतण्या पुन्हां पान्हा घेऊन उठला. सूनबाईंनीं दिवा लावला आणि त्या हसूंच लागल्या. वहिनींनीं धुतलेलें नऊवारी लुगडें रेडिएटरवर वाळत घातलें होतें व त्याचा घोळ नेमका तोटीच्या डोक्यावर आला होता. लुगड्याखालची कोंडलेली ऊब हीच खोलीची ऊब, असें समजून बिचारी तोटी मिटून बसली होती. लुगडें काढल्यावर तासाभरांत खोली उबदार झाली.

आंकडा ५ वर नेल्यानें खोली लवकर तापत नाहीं, अधिक तापते एवढेंच. ३ वर सुमारें २० अंश सेंटिग्रेड राहतें. मात्र घराचें मुख्य उष्णमान-नियंत्रक ज्या खोलींत असेल, तेथें अशी तोटी मिटूं देऊं नये. खोली पुरती तापत नाहीं आणि बॉयलर फुकट जळत राहतो. पुतण्यानें दिवाणखान्याची तोटी त्यामुळेंच बदलली नाहीं.

वहिनींचें लुगडें आतां स्वयंपाकघरांत दोरीवर वाळतें. तोटी ३ वर आहे. वहिनींच्या मतें ती साडेतीनवर हवी.