कवळी धरून ठेवतं कोण?

आजचा विषय वाचून काही जण हसले असतील. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांचं कवळीशी काय काम? तंत्र दंतवैद्यांनीच सांगावं, त्यात आपण लुडबुड करणार नाही. पण कंपवात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला कवळी करायची म्हटली की तंत्राच्या अलीकडचा एक प्रश्न उभा राहतो. ‘कवळी बसली’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

पेणमध्ये हे सांगणं सोपं आहे, कारण साचा म्हणजे काय ते इथल्या पोरांनाही ठाऊक असतं. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत साच्यातून गणपती निघतो, तशीच कवळीचीही सुरुवात होते. तोंडाचं माप घ्यायचं, त्यात प्लास्टर ओतायचं, त्यावर मेण, मेणात दात, आणि शेवटी मेणाच्या जागी ॲक्रिलिक. इथपर्यंत मूर्तिकाराला काही नवल वाटणार नाही. फरक पुढे आहे. मूर्ती पाटावर ठेवली की ती स्थिर राहते. कवळी ज्या पाटावर ठेवायची तो पाटच हलता. जीभ आतून ढकलते, गाल बाहेरून दाबतात, ओठ वेगळंच काही करतात.

वरच्या कवळीचं त्यातल्या त्यात बरं असतं. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात ना, तशी ती लाळेच्या पातळ थरामुळे टाळूला धरून राहते. खालची मात्र घोड्याच्या नालेसारखी अरुंद, आणि मध्ये जीभ. तिला मुख्यतः स्नायूच सांभाळतात. पहिले काही आठवडे माणूस कुरकुरतो, टोचते म्हणतो, काढून ठेवतो; मग एक दिवस ती तोंडात आहे हेच विसरतो. ते विसरणं म्हणजेच बसणं. मॉरिस मर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५च्या आपल्या ग्रंथात आंधळ्याच्या काठीचं उदाहरण घेतलं आहे. सराव झाला की काठी ही हातातली वस्तू राहत नाही, स्पर्श तिच्या टोकाशी जातो. कवळीचंही तेच. ती शरीरात सामील होते, पण शरीराने शिकून तिला सामील करून घ्यावं लागतं.

आता बघा, कंपवात नेमका याच शिकण्यावर घाव घालतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लंडनमध्ये या आजाराचं वर्णन केलं. थरथर सगळ्यांना दिसते. पण ताठरपणा, हालचालींचं मंदावणं आणि गिळण्यातली अडचण तोंडाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. लाळ गळते म्हणून ती जास्त होते असं घरच्यांना वाटतं. बहुतेकदा ती गिळलीच कमी जाते. उलट काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडात तो चिकटवणारा थरच नाही. म्हणजे माप अचूक, कारागिरी उत्तम, आणि तरी कवळी सुटते. मग घरी वाद: डॉक्टर चुकला की आजोबा हट्टी? पुष्कळदा दोन्ही नाही. धरणारा हातच सैल झालेला असतो.

म्हणून करण्याची रीत बदलावी लागते. एका पद्धतीत मऊ पदार्थ तोंडात ठेवून रुग्णाला बोलायला, गिळायला लावतात. जीभ आणि गाल यांचा दाब जिथे सारखा होतो ती जागा तोंड स्वतःच घडवून देतं, आणि दात तिथे लावतात. मूर्तिकलेच्या अगदी उलट: इथे साचा ओतणाऱ्याचा नसतो, हलणाऱ्याचा असतो. जिथे जीभच दुबळी होते अशा आजारात वरच्या कवळीचा टाळूकडचा भाग जाड करून टाळू खाली आणतात, म्हणजे जीभ तिथे पोचते आणि बोलणं-गिळणं थोडं सुधारतं. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवणं हा उत्तम आधार आहे; २००२ साली कॅनडात मॅक्गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी तोच पहिला पर्याय मानला. पण खर्च आहे, शस्त्रक्रिया आहे, आणि थरथरत्या हाताने ते रोज साफ कोण करणार हेही आहे.

मग वेळेचा प्रश्न. कंपवाताची गोळी घेतल्यावर साधारण तासाभराने शरीर जरा मोकळं होतं, पुढे पुन्हा आखडतं. माप घेणं, आणि विशेषतः दोन्ही जबडे कुठे मिटतात ते नोंदवणं, त्या मोकळ्या वेळातच व्हायला हवं. पूर्ण कवळीला चार-पाच खेपा लागतात. रोह्याच्या माणसाने दिवा गाडीने मुंबईचं दंत महाविद्यालय गाठायचं, तर खुर्चीत बसेपर्यंत गोळीचा असर संपलेला! आमच्या मते अशा रुग्णाचं काम, जमेल तितकं, पेण-रोह्यातच व्हावं. आणि जावंच लागलं तर गोळीची वेळ गाडीच्या नव्हे, डॉक्टरांच्या वेळेशी जुळवावी. अर्थात औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. रुग्णाला आडवं करू नये, सरळ बसवावं, नाहीतर माप घेण्याचा पदार्थ घशाकडे जातो.

स्मृतिभ्रंशात गोष्ट आणखी नाजूक. आजी वीस वर्षं एकच झिजलेली कवळी घालते, मुलगा हौसेने नवी करून देतो, आणि आजी ती उशीखाली लपवते. तो दुखावतो. पण नवी कवळी म्हणजे नवं शिकणं, आणि तीच वाट बंद झालेली. जुनी वाईट कवळी जिभेच्या ओळखीची आहे. म्हणून जाणकार दंतवैद्य जुनीचीच नक्कल करतात, बाहेरचा आकार तोच ठेवून आतली बाजू दुरुस्त करतात. आजाराचं निदान नुकतंच झालं असेल तर दातांचं काम पुढे ढकलू नये. आज जे शिकता येतं ते दोन वर्षांनी येईलच असं नाही.

आणि कधी थांबायचं? इथे घरच्यांनी ‘कशासाठी’ हा प्रश्न तीन तुकड्यांत विचारावा: खाण्यासाठी, बोलण्यासाठी, की दिसण्यासाठी? खाण्यासाठी नेहमीच कवळी लागते असं नाही. मऊ भात, भिजवलेले पेणचे पोहे, डाळीत कुस्करलेली तांदळाची भाकरी हिरड्यांवरही चालते. ज्याला गिळणंच कठीण आहे त्याला काय द्यायचं ते मात्र तज्ज्ञाला विचारावं. दिसण्यासाठी म्हणाल, तर ते हलकं कारण नव्हे. कंपवाताने चेहरा आधीच थिजलेला असतो. त्यात ओठ आत गेले की नातवंडंही ओळखीनं बघत नाहीत. नातीच्या लग्नात दोन तास कवळी घालून बसावंसं वाटलं, तर ती दोन तासांची कवळी पूर्ण यशस्वी. तिने भाकरी चावलीच पाहिजे, असा हट्ट कोणाचा? पैसे देणाऱ्याचा की घालणाऱ्याचा?

धोके मात्र डोळ्यांआड करू नयेत. सैल कवळी, त्यातही लहान अर्धी कवळी, गिळली जाऊ शकते, आणि साधं ॲक्रिलिक एक्स-रेमध्ये दिसत नाही. तोंडात कवळी नसेल आणि घरातही सापडत नसेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. चिकटवायची पेस्ट जपून वापरा. जस्त असलेली पेस्ट वर्षानुवर्षे भरमसाट लावल्यावर शरीरातलं तांबं कमी होऊन मज्जासंस्थेला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत, आणि इथे तर मज्जासंस्था आधीच आजारी. रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवा. वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात पाठवायचं असेल तर करतानाच तिच्यात नाव घालून घ्या. दोघांच्या कवळ्या बदलल्या की आपली कुठली हे सांगणं त्यांच्यापैकी एकालाही जमत नाही.