स्त्रीची ओळख, नातेसंबंध व गुन्ह्यापासूनची मुक्ती : शिरूर व दौंड तालुक्यांतील पारधी स्त्रियांच्या संदर्भात

प्रस्तावना :
गुन्ह्याच्या कारणांचा अभ्यास विपुल झाला आहे. गुन्हा सोडण्याच्या प्रक्रियेकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांत पारधी समाजाच्या वस्त्या आहेत. येथील स्त्रीने गुन्हा केलेला असो वा नसो, गुन्हेगार ही ओळख तिला जन्मतःच चिकटते. या ओळखीचे मूळ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. तथापि १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने संशयाची परंपरा पुढे चालू राहिली.

विवेचन :
सॅम्पसन व लाउब यांनी १९९३ मध्ये बॉस्टनमधील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासावरून विवाह व स्थिर नोकरी या घटकांना महत्त्व दिले. जिऑर्दानो व सहकाऱ्यांना २००२ मध्ये ओहायोतील अभ्यासात या दोहोंचा ठळक प्रभाव आढळला नाही. त्यांच्या मते बदलाची मानसिक तयारी, हाती लागणारा बाह्य आधार, स्वतःची नवी प्रतिमा आणि जुन्या वर्तनाविषयी पालटलेली दृष्टी हे परिवर्तनाचे चार टप्पे होत.

हा विचार येथे लावल्यास दुसरा टप्पाच कळीचा ठरतो. पती संशयित असेल तर विवाहाचे नाते आधाराऐवजी ओझे बनते. आई ही ओळख अधिक बळ देते. परंतु ती मुलाच्या जातीच्या दाखल्यापाशी अडते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. भटक्या कुटुंबाने तो कोठून आणावा? रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती जवळ आहेत. पण पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीची अट आली की जुना शिक्का पुन्हा आडवा येतो. बचत गटात मात्र तिच्या शब्दावर कर्ज मिळते आणि ती फेडल्याची नोंद राहते. विश्वासाचा असा लेखी पुरावा तिला अन्यत्र क्वचितच मिळतो.

निष्कर्ष :
नवी ओळख स्त्री एकटी घडवू शकत नाही. ती इतरांनी मान्य करावी लागते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंग नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानीपणे अटक होऊ नये, असे बजावले. न्यायालयाने शिक्का पुसला तरी गावाने नाते जोडणे शिल्लक राहते. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून दाखले मिळवून देण्याचे व वस्तीतील मुली शाळेत टिकवण्याचे काम हाती घेतल्यास या प्रक्रियेस खरा हातभार लागेल.