कर्जमुक्तीनंतरचा पहिला पाऊस

कर्जमाफीचा हुकूम निघाला म्हणजे गावोगाव आनंदीआनंद होतो, पुढारी श्रेय घेतात आणि यादीत नाव लागलेला शेतकरी सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु खाते निरंक झाल्यावर त्या मनुष्याचे पुढे काय होते, याची चौकशी करण्यास फारसे कोणी थांबत नाही. माहूर तालुक्यात डोंगरउतारावर कोरडवाहू कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्यास हा प्रश्न मृगाच्या पावसाबरोबर भेटतो. नागपुरातील आंदोलनानंतर 2025 च्या ऑक्टोबरात सरकारने 30 जून 2026 पूर्वी कर्जमाफीचा निर्णय करण्याचे वचन दिले. म्हणूनच या विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधीत आहो.

ऋणमुक्तीचे कायदे आपल्याकडे नवे नाहीत. 1875 साली पुणे व नगर या जिल्ह्यांत रयतेने सावकारांचे रोखे जाळले. त्यातून 1879 चा दख्खनचा कायदा निघाला. गहाणखताची कोर्ट छाननी करू लागले, तेव्हा सावकारांनी खरेदीखताची वाट धरली. कागदावर विक्री, आणि तोंडाने मात्र ‘पैसे दे व जमीन परत घे’! अखेर कायदा दुरुस्त करून कागदाआडचा खरा व्यवहार पाहण्याची मुभा कोर्टांस द्यावी लागली. माहूर त्या काळी निजामाच्या मुलखात होते. पुढे ते महाराष्ट्रात आल्यावर 1975 च्या ऋणमुक्तीच्या वटहुकुमाने अल्पभूधारक, शेतमजूर व कारागीर यांची सावकारी देणी समूळ रद्द केली. 1977 साली सुप्रीम कोर्टाने तो कायदा उचलून धरला. तथापि कायदा जुना रोखा रद्द करू शकतो. पुढच्या पेरणीच्या बियाण्याची पिशवी तो देत नाही.

बँकांच्या कर्जाविषयीही अनुभव हाच आहे. 2008 साली 5 एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यांचे थकलेले पीककर्ज माफ झाले. 2017 साली दीड लाखापर्यंत, आणि 2019 च्या डिसेंबरात 2 लाखांपर्यंत माफी जाहीर झाली. माफीनंतर तीन गोष्टी व्हाव्या लागतात: बेबाकीचा दाखला हाती पडावा, सातबाराच्या इतर हक्कांतील बोजा उतरावा, आणि पेरणीपूर्वी नवे पीककर्ज मिळावे. पैकी एकही अडली तर माफी कागदावरच राहते. 2008 च्या योजनेचा हिशेब देशाच्या महालेखापरीक्षकांनी तपासला, तेव्हा तपासलेल्या खात्यांपैकी शेकडा 34 खात्यांत दाखला दिल्याचा काही पुरावाच आढळला नाही. नव्या कर्जाचा हक्क तर त्याच दाखल्यावर अवलंबून होता!

पाऊस दप्तराची वाट पाहत नाही. बँकेचे दार बंद दिसले की शेतकरी पुन्हा उधारीच्या दुकानी किंवा परवाना नसलेल्या सावकाराच्या ओटीवर जातो, आणि तेथे तेच जुने खरेदीखत पुढे येते. 2014 च्या सावकारी कायद्यान्वये अशा रीतीने 15 वर्षांच्या आत गेलेली जमीन चौकशीअंती परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकास आहे. हा उपाय किती जणांस ठाऊक आहे?

‘माफीने फेडण्याची सवय मोडते,’ असे आमचे कित्येक व्यापारी मित्र म्हणतात. त्यांत तथ्य आहे. वेळेवर फेडणाऱ्यास आपण फसलो असे वाटते. 2022 साली अशांस 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन द्यावे लागले ते याचमुळे. परंतु सवय टिकण्यास दुसरे कर्ज वेळेवर मिळावे लागते. ज्यास पुढे काही मिळण्याची आशाच नाही, तो मागचे कशासाठी फेडील?

म्हणून आमची मागणी थोडकी आहे. माफीच्या हुकुमातच दाखला देण्याची, बोजा उतरविण्याची व नव्या कर्जाची तारीख घालावी, आणि ती मृगापूर्वीची असावी. बँकेने व महसूल दप्तराने गावी जाऊन, एका बैठकीत ही कामे उरकावी. व्यापारी बंधूंनी उधारी द्यावी, पण भाव व व्याज लेखी द्यावे आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेऊ नये. गिऱ्हाईक जमिनीवर उभे राहिले तरच बाजार उभा राहतो. माफी देणे हे सरकारचे एका दिवसाचे काम असेल. पण माफ झालेल्या मनुष्यास पुन्हा कर्जाच्या खाईत न पडू देणे हे आपणां सर्वांचे बारमाही कर्तव्य आहे.