टाइपरायटरवरची लढाई

लढाई म्हटली की डोळ्यांपुढे बंदूक येते. पण हुकूम टाइप कोण करतं, गुप्त तारा कोण उलगडतं? दुसऱ्या महायुद्धात लष्कराला हाच प्रश्न पडला, आणि १९४२मध्ये ‘विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर’ हे बायकांचं दल उभं राहिलं. खाकी साडी नेसून मुली टायपिंग, टेलिफोन, कारकुनी करू लागल्या. नौदलाच्या शाखेतल्या कल्याणी सेन १९४५मध्ये थेट ब्रिटनला जाऊन आल्या.

युद्ध संपलं, दलही मोडलं. कामापुरतं बोलावलं, काम झाल्यावर घरी जा! १९५०च्या लष्कर कायद्यानं तर दारच लावलं. डॉक्टर आणि नर्स तेवढ्या आत राहिल्या. ते दार किलकिलं झालं १९९२मध्ये. आणि पुरुषांसारखं निवृत्तीपर्यंत नोकरीत राहण्याचा हक्क? त्यासाठी २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला.

तुळजापूर, उमरगा, कळंबच्या टायपिंग क्लासात आपल्या लेकी जातात. ‘नुसतं टायपिंगच तर आहे’ असं कुणी म्हणालं, तर त्याला या खाकी साडीतल्या बायकांची गोष्ट जरूर सांगा. आणि लेकीला सांगा, काम मन लावून कर, पण त्याचा हक्कही माग!