सुवासिक पुरचुंडी

सुवासिक पुरचुंडी : साठवणीतील कपड्यांना मंद सुवास यावा आणि कुबटपणा व कीड यांचा उपद्रव कमी व्हावा, म्हणून पेटी, कपाट, खण किंवा अंथरुणा-पांघरुणांच्या घड्या यांत ठेवावयाची लहान पिशवी. ती सच्छिद्र सुती कापडाची असून तीत वाळलेल्या सुगंधी वनस्पतींचे भरड चूर्ण भरलेले असते. यूरोपात या कामासाठी लॅव्हेंडरची फुले विशेष वापरली जातात. महाराष्ट्रात वाळा, नागरमोथा, वेखंड, दवणा, मरवा, बकुळीची फुले व केवड्याची पाने यांचा उपयोग पूर्वापार होत आला आहे.

इतिहास : सुगंधी द्रव्यांची मिश्रणे करण्याच्या कलेस संस्कृतमध्ये ‘गंधयुक्ती’ म्हणतात. कामसूत्रातील चौसष्ट कलांत तिचा समावेश आहे. कपडे सुवासिक करण्याच्या चूर्णास ‘पटवास’ अशी स्वतंत्र संज्ञा होती. वराहमिहिर (सहावे शतक) यांच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक प्रकरण असून सोळा द्रव्यांतून चार-चार द्रव्ये निवडल्यास १,८२० मिश्रणे होतात, असे गणित त्यात आले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी भारतीय सुगंधी द्रव्यांच्या इतिहासावर विपुल लेखन केले. त्यांनी अभ्यासिलेल्या हस्तलिखितांपैकी गंगाधरकृत गंधसार आणि मराठी टीका असलेला अज्ञातकर्तृक गंधवाद हे ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाले. या विषयाचे ज्ञान जुन्या मराठीतही लिहिले जात होते, हे त्यावरून दिसते.

खानदेशाचा सुगंधी वनस्पतींशी जुना संबंध आहे. तेथील डोंगराळ भागात वाढणाऱ्या रोशा गवताच्या (लॅ. सिंबोपोगॉन मार्टिनाय) फुलोऱ्यापासून ऊर्ध्वपातनाने तेल काढण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर व नंदुरबार या भागांत चालत असे. हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रावरील बंदरांकडे व पुढे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. त्यातील जिरॅनिऑल या घटकामुळे त्यास गुलाबासारखा वास येतो.

घटक द्रव्ये : पुरचुंडीतील द्रव्यांचे तीन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गात मुख्य सुवास देणारी द्रव्ये येतात : वाळ्याची मुळे, कपूरकचरीचा कंद, दवणा, मरवा, रोशाचा वाळलेला फुलोरा व बकुळीची फुले. मोगरा व जाई यांची फुले सुकताच वास गमावतात. बकुळीचा सुवास मात्र फूल वाळल्यावरही दीर्घकाळ टिकतो, म्हणून ती विशेष उपयुक्त आहे. दुसऱ्या वर्गातील द्रव्ये तीव्र वासाची व कीटकांना अप्रिय असतात : वेखंड, लवंग, कापूर इत्यादी. तिसऱ्या वर्गात सुवास धरून ठेवणारी द्रव्ये (स्थिरीकारके) मोडतात. चंदन, वाळा व नागरमोथा यांतील तेलांचे रेणू जड असून त्यांचे बाष्पीभवन सावकाश होते. त्यांच्या सान्निध्यात हलकी सुगंधी द्रव्येही लवकर उडून जात नाहीत. वाळा हा पहिल्या व तिसऱ्या अशा दोन्ही वर्गांत बसतो. [→ वाळा].

यांतील बहुतेक जिन्नस काष्ठौषधी विकणाऱ्याकडे मिळतात. काहींसाठी तर बाजार गाठण्याचीही गरज नसते. जळगाव–अजिंठा मार्गावरील पहूर (ता. जामनेर) हे गाव कापसाच्या काळ्या जमिनीच्या प्रदेशात वसलेले आहे. अशा जमिनीत तण म्हणून उपटून टाकल्या जाणाऱ्या लव्हाळ्याच्या (लॅ. सायपेरस रोटुंडस) गाठी धुऊन वाळविल्या, की नागरमोथ्याच्याच जातीचे सुगंधी द्रव्य हाती येते. पिशवीसाठी जुने, धुवट सुती धोतर किंवा लुगडे नव्या कापडापेक्षा चांगले. त्यात खळ नसते व वीण मऊ झालेली असते.

कृती : सर्व द्रव्ये पूर्ण कोरडी असणे ही पहिली अट होय. ओलसर द्रव्यास बुरशी येते व पुरचुंडीच कुबटपणाचे कारण ठरते. मुळे व कंद बारीक तुकडे करून कडक वाळवावेत. फुले व पाने सावलीत सुकवावीत, कारण उन्हाने त्यांतील बाष्पनशील तेल उडून जाते. खानदेशातील कोरडा, कडक उन्हाळा या कामास अनुकूल असतो. पावसाळ्यात ही तयारी करू नये.

एक साधे प्रमाण असे : वाळा ४० ग्रॅ., नागरमोथा २० ग्रॅ., कपूरकचरी २० ग्रॅ., चंदनाचा भुसा १० ग्रॅ., वेखंड ५ ग्रॅ. व लवंग ५ ग्रॅ. चंदन महाग असल्यास ते वगळून वाळा वाढवावा. वाळा कात्रीने बारीक कापावा व बाकीची द्रव्ये खलबत्त्यात जाडसर कुटावीत. वस्त्रगाळ चूर्ण कापडातून झिरपते व त्याचा वासही लवकर जातो. मिश्रण घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत दोन-तीन आठवडे ठेवून अधूनमधून हलवावे, म्हणजे निरनिराळे वास एकजीव होतात. नंतर सु. ८ × १० सेंमी. आकाराच्या पिशव्यांत प्रत्येकी २५ ते ३० ग्रॅ. भरून तोंड शिवावे. एका खणास एक व मोठ्या पेटीस तीन-चार पुरचुंड्या पुरतात. वास मंदावल्यास पुरचुंडी हाताने चुरगाळावी. भरड कणांचे नवे पृष्ठभाग उघडे पडून सुवास पुन्हा येतो. चार-सहा महिन्यांनी आतील द्रव्य बदलावे. जरीच्या वा रेशमी वस्त्रास ती प्रत्यक्ष टेकवू नये. तेलाचा डाग पडू शकतो.

उपयुक्ततेची मर्यादा : ‘कसर’ हा शब्द घरोघरी कपडे खाणाऱ्या निरनिराळ्या किडींना सरसकट लावला जातो. त्यांपैकी कापडी पतंगाच्या अळ्या लोकर खातात, तर चंदेरी, पंखहीन किडा खळीतील स्टार्चवर जगतो. सुगंधी द्रव्यांनी प्रौढ कीटक काही अंशी दूर राहतात. परंतु कपड्यांत आधीच असलेली अंडी वा अळ्या पुरचुंडीतील सौम्य बाष्पाने मरत नाहीत. कडुनिंबाची पाने घड्यांत ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. तथापि त्यातील प्रमुख कीटकरोधक घटक ॲझॅडिरॅक्टिन हा बाष्पनशील नसल्यामुळे पानांच्या केवळ सान्निध्याचा परिणाम मर्यादित असतो. त्यामुळे खरी राखण स्वच्छतेचीच होय. घाम व अन्नाचे डाग असलेले कपडे किडीस आकर्षित करतात. म्हणून धुऊन, पूर्ण वाळवून व खळ न देता कपडे ठेवावेत. एप्रिल-मे महिन्यांत पेट्या रिकाम्या करून सुती व लोकरी कपड्यांस कडक ऊन द्यावे व ते झटकावेत. कापड आतपर्यंत सु. ५५° से. तापले, तर किडीच्या सर्व अवस्था नष्ट होतात.

डांबराच्या गोळ्या व दक्षता : विसाव्या शतकात घरगुती पुरचुंडीची जागा बहुतांशी डांबराच्या गोळ्यांनी घेतली. या गोळ्या नॅप्थॅलिनाच्या किंवा पॅराडायक्लोरोबेंझिनाच्या असतात. घट्ट बंद पेटीत त्यांचे बाष्प पुरेसे साठल्यास कीटक मरतात. परंतु तेच बाष्प माणसासही अपायकारक असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये नॅप्थॅलिनाचा समावेश मानवात कर्करोग उद्भवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत केला. सर्वांत मोठा धोका तान्ह्या मुलांना असतो. ज्यांच्या तांबड्या पेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज या एंझाइमाची जन्मजात कमतरता असते, अशा अर्भकांना या गोळ्यांसह ठेवलेली दुपटी वा पांघरुणे वापरल्याने तांबड्या पेशी फुटून तीव्र पंडुरोग व कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. ही कमतरता भारतातील अनेक समाजगटांत आढळते व बाळ जन्मताच ती बाहेरून ओळखता येत नाही. मोठ्या भावंडाची टोपडी, कुंची व दुपटी पेटीत जपून पुढच्या बाळासाठी काढण्याची रीत असल्याने ही बाब प्रत्येक घराने ध्यानात घ्यावी. अशा कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. पूर्वी ठेवल्या असल्यास ते धुऊन व अनेक दिवस मोकळ्या हवेत टाकून मगच वापरावेत.

वनस्पतिज द्रव्येही सर्वस्वी निर्धोक नाहीत. कापूर मुलाच्या पोटात गेल्यास आकडी येते, तर वेखंडातील बीटा-ॲसारोन हा घटक पोटात जाणे अपायकारक आहे. म्हणून लहान मुले असलेल्या घरी कापूर व वेखंड वगळावेत, पिशवीचे तोंड दोऱ्याने न बांधता शिवून टाकावे आणि बाळाच्या कपड्यांत कोणतीही पुरचुंडी न ठेवता केवळ उन्हात तापविलेल्या स्वच्छ घड्या ठेवाव्यात.