बंदूक बनवून घ्यावी की तयार घ्यावी?

(हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



व्याख्यान सुरू व्हायच्या आधी एका काकांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. नाव वाचत नाही, मजकूर सांगतो. सोयाबीन रोह्यांनी खाल्लं, भुईमूग रानडुकरांनी उकरला, रात्रभर आखाड्यावर जागून डबा वाजवतो. आता बंदूक घ्यायची आहे. एक जण म्हणतो चांगल्या कारागिराकडून बनवून घे, दुसरा म्हणतो कंपनीची घे. काय करू?

आजचा विषय शिकारीच्या बंदुकीचा इतिहास असा होता. पण काकांचा प्रश्न त्या इतिहासाच्या मधोमध बसतो, म्हणून त्याच्याच अंगाने जाऊ. शेवटी उत्तर द्यायचं आहे, ते मी टाळणार नाही.

आधी बनवून घेतलेली बंदूक म्हणजे काय ते बघू. शिंप्याकडून शिवलेला सदरा आणि दुकानातला तयार सदरा, असा तो फरक. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती, इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. सहावे निजाम महबूब अली खान नावाजलेले शिकारी होते. त्या काळात राजेरजवाडे लंडनच्या कारागिरांकडे मापं पाठवायचे. हात किती लांब, मान किती, खांदा कसा, उजव्या डोळ्याने नेम धरता की डाव्या. त्यावरून दस्ता घडायचा. बंदूक खांद्याला लावली की डोळा आपोआप नळीच्या रेषेत आला पाहिजे, हे त्यामागचं शास्त्र. ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण साडेतेरा ते साडेचौदा इंच असतं. आखूड हाताच्या माणसाला लांब दस्ता दिला तर तो बगलेत अडकतो आणि नेम चुकतो. इंचभराच्या फरकाने पडतो तो फरक.

आता एक गंमत सांगतो. जिम कॉर्बेट तुम्हाला माहीत आहेत. १९०७ मध्ये त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली आणि संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना .२७५ ची रिग्बी रायफल भेट दिली. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी त्याच रायफलीने मारला. रिग्बी म्हणजे लंडनचं मोठं घराणं. पण त्या रायफलीचा जीव, म्हणजे बोल्ट आणि काडतूस अडकवणारा सगळा भाग, जर्मनीतल्या माउझरच्या कारखान्यात बनलेला! कारागिरांनी नळी बसवली, लाकूड घडवलं, घासूनपुसून तयार केली. म्हणजे जगप्रसिद्ध 'हातची' रायफलसुद्धा निम्मी कारखान्याचीच होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

मग कारखाना काय देतो? तीन गोष्टी देतो.

पहिली, सारखेपणा. बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यातली फट केसाइतकी मोजलेली असते. ती वाढली तर काडतूस मागे फाटतं आणि जळता वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो.

दुसरी, परीक्षा. बारा बोअरच्या बंदुकीत बार उडतो तेव्हा नळीत साधारण सातशे वातावरणाइतका दाब तयार होतो. रायफलमध्ये त्याच्या चार-पाचपट. म्हणून नेहमीपेक्षा जवळपास सव्वापट दाबाचं काडतूस मुद्दाम उडवून नळी तपासतात. ती टिकली तरच तिच्यावर शिक्का मारतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला हा अधिकार १६३७ मध्ये मिळाला, बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ चं. म्हणजे बड्या बड्या कारागिरांनासुद्धा स्वतःच्या शब्दावर बंदूक विकता येत नव्हती. परीक्षा दुसऱ्यानेच घ्यायची.

तिसरी गोष्ट काडतूस. आपल्याकडे .३१५ ची रायफल बघितली असेल. हा आकडा आला कुठून? इंग्रज सरकारने लष्कराचं .३०३ काडतूस सामान्य माणसाला बंद केलं होतं. बंड झालं तर लष्कराची गोळी लोकांच्या हातात नको, हा हिशोब. मग लष्करी ली-एनफिल्ड घडणीच्या रायफलीच वेगळ्या, म्हणजे आठ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवून हिंदुस्थानात विकल्या. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने तेच चालू ठेवलं. हा कारखाना १९०४ चा. आणि काडतूस येतं ते आपल्या पुण्याजवळच्या खडकीतून. आता समजा कुणी हौसेने परदेशी मापाची सुंदर रायफल मिळवली. तिची गोळी हिंगोलीत कुठे मिळणार? गोळीविना बंदूक म्हणजे बैलाविना बैलगाडी.

आता तुम्ही म्हणाल, पण बनवून घेतलेली नेमाला पक्की असते ना? असते. किती पक्की, तेवढं मोजू. आजची चांगली कारखान्याची रायफल १०० मीटरवर साधारण तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या टाकते. उत्तम कारागिराची दीड सेंटिमीटरमध्ये. कौतुकच आहे. पण शेताच्या बांधावर डुक्कर दिसतं ५० मीटरवर. तिथे हा फरक राहतो जेमतेम पाऊण सेंटिमीटर. आणि अंधारात, थकलेल्या हाताने, धडधडत्या छातीने धरलेला नेम हलतो वीतभर. जो फरक आपल्या हातात टिकतच नाही, त्याचे पैसे कशाला मोजायचे?

लाकडाचंही सांगतो. उन्हाळ्यात आपलं लाकूड तडकतं, पावसाळ्यात फुगतं. नळी आणि बोल्टचा भाग ज्या खाचेत बसतो ती खाच हलली की मे महिन्यात जुळवलेला नेम ऑगस्टमध्ये सरकतो. मूठभर पैसे घालून घडवलेल्या अक्रोडाच्या दस्त्यालाही हा नियम चुकत नाही.

हे झालं यंत्राचं. आता कायद्याचं बोलू, कारण काकांचा खरा प्रश्न तिथे आहे.

शिकारीचा शौक आपल्या देशात संपला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने गेले. त्यामुळे शिकारीसाठी रायफल कोणती, हा प्रश्न आता आफ्रिका-अमेरिकेतल्या माणसाने विचारायचा. आपल्यापुढे उरला पिकाच्या राखणीचा प्रश्न. त्याला दोन वेगळी दारं आहेत, आणि लोक नेहमी एकच धरून बसतात.

पहिलं दार बंदुकीच्या परवान्याचं. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ठासणीची पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते, असंही त्यात म्हटलंय. रायफलीचं नाव तिथे नाही, आणि ते बरंच आहे. रायफलीची गोळी चुकली तर दोन-दोन किलोमीटर जाते. आपला मुलूख सपाट, प्रत्येक शेतात आखाडा, आखाड्यावर बाया-लेकरं झोपलेली. छर्रा मात्र थोड्या अंतरात दम सोडतो.

दुसरं दार वनखात्याचं. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे! रोही आणि रानडुक्कर आज अनुसूची २ मध्ये आहेत. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली अधिकृत वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात नसेल तर गुन्हा. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारचं, मटण आपलं नाही. आणि काळवीट? ते अनुसूची १ मध्ये. पीक खाल्लं म्हणून त्याच्यावर बंदूक उचलता येत नाही, शिक्षा तीन ते सात वर्षं. रात्री बॅटरीच्या उजेडात रोह्याची मादी कोणती आणि काळविटाची मादी कोणती, हे छातीवर हात ठेवून सांगणारे किती जण आहेत इथे?

आता चिठ्ठीतला 'चांगला कारागीर'. तो कोण, हे काकांनी लिहिलेलं नाही. परवाना असलेला बंदूककार असेल तर त्याच्या बंदुकीवर बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. कलम ८ प्रमाणे तशी खूण नसलेली बंदूक विकताच येत नाही. खूण नसेल तर तो कारागीर नाही, मंडळी. ती गावठी बंदूक. पाण्याच्या पाइपाला जोड असतो, लोखंड कुठल्या प्रतीचं ते ठाऊक नसतं, परीक्षा कुणी घेतलेली नसते. अंदाजाने भरलेली दारू पेटली की तो जोड उकलतो, आणि जिथे उकलतो तिथे माणसाचा डावा हात असतो. डुक्कर पळून जातं. उरलं पोलीस प्रकरण. विनापरवाना बाळगली तर दोन ते पाच वर्षं, बनवणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. हा २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा आहे. त्या बंदुकीत ना लंडनच्या कारागिराचं माप, ना कारखान्याची परीक्षा. दोन्हीकडचं वाईट तेवढं एकत्र आलेलं.

मग काकांना उत्तर काय? नळी कारखान्याची घ्या, माप तुमचं करा.

म्हणजे असं. रीतसर परवाना काढून, नाव-क्रमांक कोरलेली, तपासलेली बंदूक घ्या. घेताना खांद्याला लावून बघा. दस्ता लांब वाटला तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून तेवढं लाकूड कमी करून घ्या, आखूड वाटला तर मागे रबराची गादी लावून घ्या. राजेरजवाडे लंडनला ज्यासाठी पैसे मोजत होते त्यातलं खरं कामाचं एवढंच, आणि ते थोडक्यात होतं. पण नळीला हात लावायचा नाही. नळी कापून आखूड करणं हा कलम ६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

हे मी मनचं सांगत नाही. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं. त्या खेळातल्या रायफली कारखान्यातच बनतात. गाल टेकायची फळी, खांद्याकडचा भाग हे मात्र स्क्रूने खालीवर करून प्रत्येक नेमबाज स्वतःच्या अंगाला जुळवून घेतो. कॉर्बेटच्या रायफलीचीही गोष्ट तीच होती, आठवा. आणि आपली तिफण? फाळ बाजारातून आणायचा, रुमणं आपल्या हाताच्या उंचीचं सुताराकडून करून घ्यायचं. हे शहाणपण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच.

शेवटचं सांगतो, काका. बंदूक ही सगळ्यात शेवटची पायरी. नुकसान झालं त्याच दिवशी फोटो काढा, वनखात्याकडे अर्ज द्या, पंचनामा करून घ्या, भरपाई मागा. कुंपण करायचं तर सौरऊर्जेचं झटक्याचं करा. खांबावरची वीज तारेत सोडू नका. त्या तारेला चिकटून डुकरापेक्षा शेजारचा माणूस आधी जातो, आणि कधी कधी आपलंच पोरगं. चार-पाच शेतांनी मिळून राखणीच्या पाळ्या लावल्या तर निदान एक आड एक रात्र झोप तरी मिळेल.

एवढं सगळं करूनही गरज उरलीच, तर दोन्ही दारं ठोठावा, कागद हातात घ्या आणि शिक्का बघून बंदूक घ्या.  इतरांचे प्रश्न असतील तर विचारा, मी थांबलो आहे.